शॉवरमधील बुरशी : काढावी कशी आणि परत येऊ नये म्हणून काय करावे

‘टाइल्स घासून लख्ख केल्या, तरी महिन्याभरात त्याच कोपऱ्यात काळे ठिपके पुन्हा दिसू लागले’, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. अशा वेळी घासण्यात सहसा कसूर झालेली नसते. बुरशी नुसती वरवर बसली आहे की सांध्यात भरलेल्या पदार्थाच्या आत शिरली आहे, हे न पाहताच औषध फवारले गेलेले असते. दोन्ही डाग दिसायला सारखेच असले, तरी त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून हे माहितीपत्रक आम्ही ग्राहकांच्या हाती काम सुरू करण्यापूर्वीच देतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि ते घरात येण्यापासून रोखता येत नाहीत. त्यांना रुजायला ओल लागते आणि थोडे खाद्य लागते. साबणाचा थर, अंगाचे तेल आणि त्वचेचे सूक्ष्म कण यांच्या रूपाने ते खाद्य शॉवरच्या भिंतींवर रोज साचत असते. एखादा पृष्ठभाग २४ ते ४८ तास सतत ओला राहिला, तर तेवढ्या अवधीतही बुरशीची वाढ सुरू होऊ शकते. नळाभोवती किंवा जाळीजवळ दिसणारा गुलाबी, बुळबुळीत थर मात्र बहुधा बुरशीचा नसून जिवाणूंचा असतो. तो साबण आणि ब्रशने सहज निघतो, पण ओल राहिली की तितक्याच सहज परततो.

टाइल्स, काच आणि नळ यांच्यावरची बुरशी वरवरची असते. आधी कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण वापरून साबणाचा जुना थर काढावा, कारण तो तसाच राहिला तर कोणतेही औषध बुरशीपर्यंत पोहोचत नाही. कोरड्या ब्रशने कधीही घासू नये. त्यामुळे बीजाणू हवेत उडतात. त्यानंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून १० मिनिटे ठेवावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे, स्वच्छ धुवावे आणि फडक्याने पूर्ण कोरडे करावे. हा शेवटचा भाग अनेकजण गाळतात, पण आमच्या मते निम्मे काम त्यातच आहे. व्हिनेगरही उपयोगी पडते, परंतु संगमरवरासारख्या नैसर्गिक दगडावर त्याने चट्टे पडतात आणि टाइल्समधील सांध्यांत भरलेले सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, वारंवारच्या आम्लाने झिजते, म्हणून ग्राहकांच्या घरी आम्ही ते वापरत नाही.

ब्लीच वापरायचे असल्यास खिडकी उघडी ठेवून, पंखा चालू करून, हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घालूनच वापरावे आणि बाटलीवर दिलेल्या प्रमाणानुसार ते थंड पाण्यात विरळ करावे. व्हिनेगर, शौचकूप साफ करण्याचे आम्ल किंवा अमोनिया असलेले द्रव ब्लीचमध्ये कधीही मिसळू नयेत. एक द्रव वापरल्यावर जागा धुतल्याशिवाय लगेच दुसरा ओतणे हेही मिसळण्यासारखेच आहे. आम्लाशी संयोग झाल्यास क्लोरीन वायू आणि अमोनियाशी झाल्यास क्लोरामाइन वायू तयार होतात, आणि हे दोन्ही फुप्फुसांना इजा करतात. बंद, लहान स्नानगृहात ही चूक जीवावर बेतू शकते. घरात दमा असलेली व्यक्ती असेल, तर साफसफाईच्या वेळी तिला दुसऱ्या खोलीत थांबवावे.

आता सांध्यांविषयी. टाइल्समधील ग्राउट सिमेंटचे असेल, तर ते सच्छिद्र असते. ब्लीचने त्याचा रंग उजळतो आणि बुरशी गेली असे वाटते, पण आत मुरलेली बुरशी पुष्कळदा शिल्लक राहते. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथल्या सिलिकॉनच्या पट्टीत हे अधिकच स्पष्ट दिसते. अशी पट्टी कापून उलटी केली, तर समोरून मोहरीएवढे दिसणारे ठिपके मागच्या बाजूला एकसलग काळ्या रेघेत मिळालेले आढळतात, आणि त्या रेघेखाली साबणमिश्रित पाण्याचा चिकट थर साचलेला असतो. तिथवर कोणताही फवारा पोहोचत नाही. सिलिकॉनमध्ये उत्पादकाने घातलेले बुरशीनाशकही पाण्यासोबत हळूहळू निघून जाते. म्हणून घासूनही डाग न गेलेल्या सिलिकॉनवर महागडी औषधे वापरण्यापेक्षा ते बदलून घ्यावे, असा सल्ला आम्ही देतो.

बदलताना जुने सिलिकॉन पात्याने पूर्णपणे खरवडून काढावे लागते, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. त्यानंतर फट स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी लागते. ग्राहकांना घाई असते हे आम्ही समजू शकतो, तरीही ओल्या फटीवर सिलिकॉन भरण्यास आम्ही नकार देतो, कारण त्यामुळे ओल कायमची आत कोंडली जाते. लावलेले सिलिकॉन स्नानगृहासाठीचे, बुरशीरोधक असावे. नैसर्गिक दगड असल्यास व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे. भरल्यानंतर किमान २४ तास शॉवर वापरू नये.

बुरशी परत येऊ नये म्हणून सर्वांत उपयोगी साधन म्हणजे हातातला रबरी वायपर. आंघोळ झाल्यावर भिंती आणि काच वरून खाली निपटून घेण्यास एक-दोन मिनिटे पुरतात. शॉवरचा पडदा गोळा करून न ठेवता पसरून ठेवावा. घड्यांच्या आत तो दिवसभर ओला राहतो. एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतरही २० ते ३० मिनिटे चालू राहू द्यावा. पंखा खरोखर हवा ओढतो का, हे पाहण्यासाठी तो चालू असताना पातळ कागदाचा तुकडा जाळीला लावावा. कागद जाळीला चिकटून राहिला तर ठीक. खाली पडला तर जाळीतली धूळ काढावी किंवा हवा बाहेर नेणारी नळी तपासून घ्यावी. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली, तर बुरशीला आळा बसतो. सिमेंटच्या ग्राउटवर साधारण वर्षातून एकदा सीलरचा, म्हणजे पाणी आत मुरू न देणाऱ्या द्रवाचा, हात द्यावा.

एवढे करूनही डाग ठरावीक जागीच परत येत असेल, टाइलवर बोटाने ठोकल्यास पोकळ आवाज येत असेल किंवा भिंतीच्या पलीकडच्या बाजूला रंगाचे पोपडे निघत असतील, तर पाणी भिंतीच्या आत झिरपत आहे असे समजून तपासणी करून घ्यावी. डागावर रंग देऊन तो झाकू नये. बुरशी एक चौरस मीटरहून अधिक जागेत पसरली असल्यास स्वतः साफ न करता आम्हांला बोलवावे. आमची माणसे पाहणीसाठी येण्याआधी शक्य असल्यास एक दिवस तो शॉवर वापरू नये आणि जागा धुऊही नये. बाकीची भिंत वाळल्यावर नेमकी कोणती जागा ओली राहते, हे तेव्हाच दिसून येते.