बधिरांध शिक्षणाची खार्किव्ह परंपरा

दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या मुलांना शिकवण्याची, युक्रेनमधील खार्किव्ह येथे १९२०च्या दशकात आकाराला आलेली पद्धती. तिचे प्रवर्तक इव्हान अफानास्येव्हिच सोकोल्यान्स्की (१८८९–१९६०). बधिरांध शिक्षण म्हटले की आपल्याकडे हेलन केलर आणि त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन आठवतात; सोकोल्यान्स्की हे नाव सहसा कानावरून गेलेले नसते. त्यांचे काम पुढे मॉस्कोच्या नावावर जमा झाले, हे त्याचे एक कारण.

सोकोल्यान्स्की यांचा जन्म दक्षिण रशियातील कुबान प्रदेशातील दिन्स्काया या कोसॅक वस्तीत झाला. सेंट पीटर्सबर्गला मेंदूतज्ज्ञ बेख्तेरेव्ह यांच्या सायकोन्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकून ते कर्णबधिरांचे शिक्षक झाले. १९२३ साली, खार्किव्ह सोव्हिएत युक्रेनची राजधानी असताना, त्यांनी तेथे बधिरांध मुलांसाठी शाळा आणि चिकित्सालय यांचा मेळ घालणारी एक छोटी संस्था उभी केली.

तिथल्या शिकवण्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. सुरुवात अक्षरांपासून नव्हे, तर जेवणे, हात धुणे, कपडे घालणे यांपासून होई. मुलाच्या हातात चमचा द्यायचा, त्यावर मोठ्या माणसाने आपला हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून घास तोंडापर्यंत न्यायचा. पहिल्यांदा मूल चमचा झिडकारते. काही काळाने त्याच्या हातात हालचालीची किंचित चाहूल लागते. त्याच क्षणी मोठ्या माणसाने आपली पकड सैल करायची. पकड लवकर सोडली तर घास सांडतो, उशिरा सोडली तर मूल आयते भरवून घ्यायला सोकावते. शिक्षकाचे सारे कसब इथे पणाला लागते.

रोजचा क्रम पक्का झाला की खुणा आपसूक तयार होतात: जेवणाआधी हाती आलेला चमचा म्हणजे जेवण. मग वस्तूची जागा हातवारा घेतो, हातवाऱ्याची जागा तळहातावर बोटांनी लिहिलेला शब्द घेतो आणि शेवटी ब्रेल येते. व्याकरणासाठी सोकोल्यान्स्कींनी ‘समांतर पाठ’ वापरले. मुलाने स्वतः अनुभवलेला प्रसंग लिहायचा आणि शिक्षकाने तोच प्रसंग थोड्या समृद्ध भाषेत लिहून त्याच्यापुढे ठेवायचा. सुटे शब्द घोकून भाषा येत नाही, असे त्यांचे मत होते आणि त्यात तथ्य आहे. पंपाखालच्या पाण्यामुळे हेलनला एका क्षणात भाषा सापडली, ही कथा या परंपरेला अपुरी वाटते: स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन हिच्याशी हेलन त्याआधीच घरगुती खुणांनी बोलत होती.

खार्किव्हची सर्वांत नावाजलेली विद्यार्थिनी म्हणजे ओल्गा स्कोरोखोदोव्हा. खेरसॉनजवळच्या बिलोझेरका गावची ही मुलगी लहानपणी मेंदूज्वराने आंधळी झाली आणि पुढे श्रवणही गेले. आईवडिलांचे छत्र हरपले होते. ओडेसाच्या अंधशाळेतून ती १९२५ मध्ये खार्किव्हला आली, तेव्हा तिची वाचाही ढासळू लागली होती. ती तिथे सावरली. आपल्याला जग कसे जाणवते याच्या नोंदी ती वर्षानुवर्षे ठेवत गेली. माणसे हस्तस्पर्शावरून ओळखणे, जमिनीच्या कंपनावरून कुणी आल्याचे कळणे, वासांवरून जागा ओळखणे असे बारकावे त्यांत आहेत. त्यांतून १९४७ साली तिचे पुस्तक निघाले. पुढे ती स्वतः मॉस्कोच्या डिफेक्टॉलॉजी संस्थेत (तेव्हाच्या सोव्हिएत परिभाषेत ही विशेष शिक्षणाची संस्था) संशोधक झाली.

सोकोल्यान्स्कींना मात्र १९३३ मध्ये आणि पुन्हा १९३७ मध्ये अटक झाली. युक्रेनमधील त्या काळच्या अनेक बुद्धिवंतांप्रमाणे त्यांच्यावरही युक्रेनी राष्ट्रवादाचा ठपका होता. सुटकेनंतर १९३९ मध्ये ते मॉस्कोला गेले. युद्धात आणि जर्मन ताब्यात खार्किव्हची संस्था संपली. युक्रेनमधील हे काम युक्रेनमध्येच तुटले, ते असे.

मॉस्कोत त्यांनी घडवलेले शिष्य अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मॉस्कोजवळच्या झागोर्स्क (आजचे सेर्गियेव्ह पोसाद) येथे बधिरांध मुलांचे वसतिगृह सुरू झाले. तिथले चार विद्यार्थी १९७१ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला गेले आणि १९७७ मध्ये पदवीधर झाले. १९८० मध्ये दोघा गुरुशिष्यांना मरणोत्तर सोव्हिएत राज्य पुरस्कार मिळाला.

तत्त्वज्ञ एव्हाल्द इल्येन्कोव्ह यांनी या चौघांचा दाखला देऊन मानवी मन संपूर्णपणे सामाजिक व्यवहारातून घडते, असे मांडले. हा दावा ताणलेला होता. चौघांपैकी अलेक्सांद्र सुव्होरोव्ह यांची दृष्टी बालपणी गेली, पण श्रवण नऊ वर्षांच्या आसपास गेले. म्हणजे बोली त्यांना आधीच अवगत होती. स्कोरोखोदोव्हाचीही स्थिती तशीच. त्यामुळे ‘शून्यातून माणूस घडवला’ हे वर्णन या पद्धतीच्या यशस्वी विद्यार्थ्यांना लागू पडत नाही. जन्मतःच दोन्ही संवेदना नसलेल्या मुलांच्या बाबतीत प्रगती बरीच संथ असते आणि तिथे चमच्यापासूनचा क्रमच अधिक उपयोगी पडतो.