'पुरवणी' गेली, 'परीक्षा-2' आली

मुलांकडून रोजनिशी लिहून घ्या, दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी नोंदवायला सांगा, अपयश पचवायला शिकवा, हे बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पालकसभांत हल्ली वरचेवर ऐकू येतं. यातला लिखाणाचा धागा 1986 च्या एका अमेरिकी प्रयोगापर्यंत जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेलं लिहायचं. लिहून उठल्यावर त्यांना आधी वाईटच वाटलं. पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. कृतज्ञतेच्या याद्या 2003 नंतर फोफावल्या. उपकाराची जाण ठेवणं आपल्याकडे होतंच, ती वहीत मांडायची रीत तेवढी नवी.

अपयशाची कथा मात्र इथलीच. 1956 आधीच्या मुंबई राज्यातल्या मॅट्रिकच्या वाऱ्या जुन्या घरांत अजून आठवतात. 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीपुरती मोकळीक दिली. कर्नाटकात 2023 मध्ये या वर्गांना राज्यभर एकच परीक्षा घेतली, नाव 'मूल्यांकन'. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ती रद्द केली, तिथल्याच खंडपीठाने होऊ दिली. पुढच्या वर्षी नववीही त्यात आली आणि वाद दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेला. पेपर देऊन झालेले, अन् एप्रिल 2024 मध्ये निकालच रोखला!

त्याच वर्षी दहावीची 'पुरवणी परीक्षा' नावापुरती संपली. तिच्या जागी परीक्षा-1, 2, 3 आल्या. ज्यात गुण जास्त, ते धरायचे. या शब्दाची गंमत अशी की पेपरात हात वर करून 'सर, पुरवणी' म्हणणारं पोर हुशार, आणि जूनमध्ये पुरवणीला बसणारं ढ. हा डाग पुसायचा होता, हे चांगलंच. पण नाव बदलण्याआधी, नापास होणं कसं वाटतं हे मुलांकडून लिहून घ्यावं, असं कुणाला सुचलेलं दिसत नाही. मराठी माध्यमाच्या पोराला कन्नडच्या पेपरची जी धास्ती असते, तीही त्यात आली असती.

नवी नावं आली त्याच वर्षी वर्गांतल्या कॅमेऱ्यांवरून थेट नजर ठेवणंही सुरू झालं आणि निकाल 83 टक्क्यांवरून 73 वर आला, तोही वाढीव गुण देऊन. परीक्षा-2 ला गर्दी झाली. आमच्या गल्लीत तिला अजून 'सप्लिमेंटरी'च म्हणतात.