पडून कायमचे अधूपण आले तर: भरपाईचा दावा कुठे, कधी आणि कशाच्या जोरावर

गोव्यातल्या पर्वरीत परांचीवरून कोसळलेला गवंडी, हॉटेलच्या ओल्या लादीवर घसरलेली पाहुणी आणि पायरीवरून पाय काढण्याआधीच बस सुटल्यामुळे रस्त्यावर आपटलेले आजोबा. तिघांचेही खुब्याचे हाड मोडले, तरी कायद्याच्या लेखी ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. दाद मागण्याची जागा वेगळी, मुदत वेगळी आणि पुरावाही वेगळा. म्हणून सल्ला घ्यायला येणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: तुम्ही कुठे पडलात आणि त्या वेळी तिथे कोणत्या नात्याने होता?

पहिल्या आठवड्यातले कागद

इस्पितळात दाखल करताना केसपेपरवर अपघाताची हकीकत लिहिली जाते. बहुतेक दावे इथेच दुबळे होतात. जखमी माणूस वेदनेने कण्हत असतो, सोबत आलेला मुकादम किंवा मॅनेजर ‘घरी घसरून पडला’ असे सांगतो आणि तेच कागदावर राहते. पुढे दोन वर्षांनी उलटतपासणीत हाच कागद समोर येतो. त्यामुळे घरच्या माणसाने त्याच दिवशी केसपेपर वाचावा. जागा, वेळ किंवा कारण चुकले असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली असल्यास तिचा क्रमांक टिपून ठेवावा.

सीसीटीव्हीचे चित्रण काही आठवड्यांतच पुसले जाऊन त्यावर नवे चढते. ‘अमुक तारखेचे, अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवा’ असे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने लगेच पाठवा. जागेचे फोटो त्याच आठवड्यात काढा, कारण पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवर असलेले शेवाळ दिवाळीपर्यंत वाळून जाते आणि तुटका कठडाही तोवर दुरुस्त होतो. त्या दिवशी पायात असलेली चप्पल धुऊ नका, फेकूही नका.

कामावर पडला असाल तर

इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे दाखवणे पुरते. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली आहे. हिशेबाचे मूळ सूत्र तेच राहिले आहे: पूर्ण कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक.

जुन्या कायद्याखालचे एक उदाहरण घेऊ. वय 30, वेतन 15,000 रुपये. पगार याहून जास्त असला तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात एवढाच धरला जाई. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, म्हणजे पूर्ण रक्कम 18,71,820 रुपये. कमाईची क्षमता 30 टक्के घटल्याचे ठरले तर 5,61,546 रुपये. उपचाराचा खर्च याशिवाय मिळतो. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसताना उशीर केला असेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. ठेकेदार गायब झाला असेल, तर ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. स्वतःचे घर बांधून घेणाऱ्या सामान्य घरमालकावर ही जबाबदारी सहसा येत नाही. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड असेल तर मालकाकडे ही भरपाई मागता येत नाही. तिथे ईएसआयच्या वैद्यकीय मंडळापुढे जाऊन मासिक लाभ घ्यावा लागतो.

हॉटेल, दुकान, इस्पितळ

पैसे देऊन सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोग हा सोपा मार्ग आहे. मुदत दोन वर्षे. सेवेसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जावे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. हॉटेलचे बिल सांभाळा, कारण तुम्ही ग्राहक होता हे त्यावरूनच ठरते. इथे निष्काळजीपणा मात्र दाखवावा लागतो: लादी पुसल्यावर फलक नव्हता, जिन्यात दिवा नव्हता, कठडा हलत होता.

कुणाच्या घरी पाहुणा म्हणून किंवा वाटसरू म्हणून पडलेल्याला दिवाणी दावा उरतो. त्याची मुदत तीन वर्षे धरून चाला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतल्या वीस-तीस वर्षांच्या मुदतीचा आधार देणारे सल्लागार अजून भेटतात. करार आणि प्रॉमिसरी नोटच्या दाव्यांना ती मुदत लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले. दुखापतीच्या दाव्यातही तिच्यावर विसंबून बसू नये, असे आमचे ठाम मत आहे. प्रतिवादी सरकार असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून तेवढा वेळ आधीच राखून ठेवा.

बसमधून पडल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. ती ओलांडू नका.

टक्केवारीचा घोळ

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के आणि कमाईतली घट एकच नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणासह सांगितले: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ बेकार होतो, कार्यालयातला कारकून मात्र नोकरीत राहू शकतो. माडावर चढणाऱ्या पाडेलीचा घोटा 15 टक्के अधू झाला तरी त्याचा धंदा संपलेला असू शकतो. त्यामुळे नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही. तुम्ही नेमके कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय जमत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीतून यावे लागते. उपचार न केलेल्या डॉक्टरांकडून घाईने आणलेल्या दाखल्यावर न्यायालय सहज विश्वास ठेवत नाही.

प्रमाणपत्र हाड जुळून स्थिती स्थिर झाल्यावरच घ्या, मात्र त्यासाठी दाव्याची मुदत घालवू नका. दावा आधी दाखल करून प्रमाणपत्र नंतर सादर करता येते. 40 टक्क्यांची अट सरकारी सवलतींसाठी आहे. त्याहून कमी टक्के आले तरी भरपाई मागता येते.

सही करण्यापूर्वी

‘वीस हजार घ्या आणि इथे सही करा’ असा कागद इस्पितळातच पुढे येतो. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, व्हावी लागते. ग्राहक आणि दिवाणी प्रकरणांत असे संरक्षण नाही. तिथे ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेला कागद घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका.

बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावाही बँकेत द्या. मात्र हात, पाय किंवा डोळा पूर्ण व कायमचा निकामी झाला असेल तरच तो मिळतो, नुसत्या लंगडण्यावर मिळत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिला, औद्योगिक कामगार आणि अपंगत्व असलेल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आमच्याकडे येणार असाल तर केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, पगाराचा कोणताही पुरावा आणि जागेचे फोटो सोबत आणा. पगार रोखीने मिळत असेल तर सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे पुरतील.