इंधनघटाच्या पटलात सिलिका कशासाठी?

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटात ॲनोड आणि कॅथोड या दोन विद्युतअग्रांमध्ये एक पातळ पटल असते. त्याने प्रोटॉन पलीकडे जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉन आणि वायू मात्र अडवायचे. हे पटल बहुधा नाफिऑन जातीच्या फ्लुओरिनयुक्त पॉलिमरचे असते. त्यातल्या सल्फॉनिक आम्लगटांभोवती पाणी असेल तरच प्रोटॉन पुढे सरकतात. पूर्ण ओल्या नाफिऑनची वहनक्षमता ८० अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे सुमारे ०.१ सीमेन्स असते. पटल वाळले की ती कित्येक पटींनी घसरते.

घट १२० अंशांवर चालवता आला तर त्यात उत्प्रेरक म्हणून असलेल्या प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइडची बाधा बरीच कमी होते. पण तेवढ्या उष्णतेत पाणी टिकत नाही. म्हणून पॉलिमरमध्ये पाणी धरून ठेवणारे अकार्बनी कण मिसळतात: सिलिका, टायटेनिया, झिर्कोनियम फॉस्फेट वगैरे. हेच संकरित संमिश्र पटल.

१० सेंटिमीटर बाजूचे, सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे पटल हवे असेल तर साधारण १ ग्रॅम पॉलिमर लागतो, म्हणजे ५ टक्क्यांचे नाफिऑनचे द्रावण २० ग्रॅम. त्यातले पाणी-अल्कोहोल मंद उष्णतेने उडवून अवशेष सुमारे १५ मिलिलिटर डायमिथाइल ॲसिटामाइडमध्ये विरघळवायचा. डायमिथाइल फॉर्मामाइड टाळलेले बरे. आम्लाच्या सान्निध्यात तापल्यावर त्यातून अमाइन सुटते आणि आम्लगट अडवून बसते. मग ५० मिलिग्रॅम नॅनोसिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) थोड्या द्रावकात अर्धा तास ध्वनिलहरींनी विखरून त्यात मिसळायची. पाणसळ लावून सपाट केलेल्या काचेवर ओतून ८० अंशांवर रात्रभर वाळवायचे आणि शेवटी तास-दोन तास १२० ते १४० अंशांवर तापवायचे. ही शेवटची पायरी गाळली तर पटल ठिसूळ राहते, पाण्यात तडकते. काचेवरून ते पाण्यात भिजवून सोडवतात; मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि पुन्हा पाणी, प्रत्येकात तासभर उकळतात.

बिघडते ते बहुतेक वेळा विखुरण्यात. कण जड असल्याने तळाशी बसतात. मग एक बाजू जास्त फुगते आणि पटल वळते. गुठळ्यांभोवती सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांतून हायड्रोजन पाझरतो. कणांची भर १० टक्क्यांपुढे नेली की ठिसूळपणा वाढतो. कोणता कण निवडला यापेक्षा तो किती बारीक आणि सारखा पसरला, हे आमच्या मते जास्त महत्त्वाचे. सिलिकाखेरीज इतरही भर वापरतात. त्यांपैकी फॉस्फोटंग्स्टिक आम्ल स्वतः उत्तम प्रोटॉनवाहक, पण पाण्यात विरघळून निघून जाते. ते सिलिकाला बांधून ठेवावे लागते. ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण झाले, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून गेला, तर ते वीज वाहू लागते, म्हणजे शॉर्टसर्किटची भीती.

साधी सिलिका स्वतः फारसे प्रोटॉन वाहत नाही. त्यामुळे भरपूर आर्द्रतेत संकरित पटल अनेकदा साध्या नाफिऑनपेक्षा कमीच ठरते, आणि तेवढ्यावरून त्याला नापास करणे चुकीचे आहे. दोन्ही पटलांची वहनक्षमता ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेवरही मोजावी. शिवाय एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन ठेवून पाझर तपासावा. पाझरलेल्या हायड्रोजनमुळे चौरस सेंटिमीटरला २ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसला तर वहनक्षमतेचा आकडा कितीही चांगला असो, ते पटल घटात बसवू नये.