एफएससीके : फाइलप्रणालीची तपासणी व दुरुस्ती

युनिक्ससदृश प्रणालीत फाइलप्रणालीचा, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे त्या नोंदींचा, मेळ तपासून बिघाड दुरुस्त करणारी कमांड. बोलताना 'एफएस-चेक' म्हणतात. खान्देशात लिनक्सचे व्यवस्थापन शिकणाऱ्याने ही कमांड पहिल्या काही धड्यांतच शिकावी. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या करणारे मे-जूनचे वादळ विजेच्या तारांनाही सोडत नाही, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात यूपीएसची बॅटरीही लवकर उतरते.

लाइट गेल्यावर नेमके बिघडते काय? सेव्ह केलेली फाइल लगेच डिस्कवर उतरतेच असे नाही. लिनक्स ती साधारण ३० सेकंद मेमरीत धरून ठेवू शकते. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली रचनेतले बदल आधी जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिते, एरवी दर ५ सेकंदांनी. मशीन पुन्हा सुरू होताना ते जर्नल वाचून मेळ घातला जातो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. मात्र जर्नल रचना सांभाळते, मजकूर नाही. नुकताच लिहिलेला प्रोग्राम शून्य बाइटचा निघू शकतो.

जर्नलने भागले नाही तर डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली सुरू होतानाच्या 'इनिट-रॅम-एफएस' या छोट्या प्रणालीच्या प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीवर) थांबते आणि बिघडलेल्या पार्टिशनचे (डिस्कच्या भागाचे) नाव दाखवते. तिथे 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२' असे, दाखवलेलेच नाव घालून, चालवावे व 'एक्झिट' करावे. '-वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला होकार. प्रश्न शेकड्याने येतात. इतर पार्टिशनसाठी आधी 'एलएसबीएलके -एफ'ने नाव व प्रकार पाहावा, 'युमाउंट' करावे, म्हणजे पार्टिशन प्रणालीपासून सोडवावे, मग '-एन' लावून काहीही न बदलता नुसती पाहणी करावी. कमांड संपताना मिळणारा कोड ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, ४ म्हणजे काही तसेच राहिले.

नाव हरवलेल्या फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये जमा होतात. तिथे '#१३१०७४' असा नुसता आयनोड क्रमांक (फाइलच्या नोंदीचा क्रमांक) दिसतो. 'फाइल' कमांडने ते चित्र आहे की मजकूर, हे ओळखून नाव द्यावे. कंटाळवाणे काम, पण कुणाचा प्रकल्प त्यातच सापडतो.

माउंट असलेल्या, म्हणजे प्रणालीला जोडलेल्या, पार्टिशनवर दुरुस्ती कधीच चालवू नये. कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीतल्या आपल्या प्रतीवरून लिहितो आणि एफएससीके डिस्कवर वेगळेच लिहिते. चांगली फाइलप्रणालीही त्यात नासते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीवर ही कमांड काहीच न करता यशस्वी झाल्याचा कोड देते; तिथे 'एक्सएफएस-रिपेअर' लागते.

तीच डिस्क वारंवार बिघडत असेल तर 'स्मार्टसीटीएल -ए'ने बदललेल्या व प्रलंबित (वाचता न येणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कच्या बारीक तुकड्यांचे, आकडे पाहावेत. ते वाढत असतील तर आधी 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.