पाण्यात घाण विरते कशी? लाटा आणि मिसळणीच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सांडपाण्याचा नळ समुद्रात, खाडीत किंवा तळ्यात सोडताना पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट गृहीत धरली गेली: पाणी अफाट आहे, घाण आपोआप विरून जाईल. विरते खरी, पण किती वेळात, कुठवर आणि कोणत्या दिशेला, हे सांगता येत नाही तोवर त्या ‘आपोआप’वर विसंबणं धोक्याचं. हा हिशेब मांडायला शंभराहून अधिक वर्षं लागली. मिसळणीचा अभ्यास करणारे आणि लाटांचा अभ्यास करणारे बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी चालले, हे त्याचं मोठं कारण.

१८५५ मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने विसरणाचा, म्हणजे पदार्थ आपोआप पसरण्याचा, नियम मांडला. पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे सरकतो. दाटपणातला फरक जितका तीव्र, तितका वेगाने. नियम बिनचूक आहे, पण नुसत्या रेणूंच्या हालचालीवर सोडलं, तर निश्चल पाण्यात विरघळलेल्या मिठाला एक सेंटिमीटर पसरायला काही तास लागतात आणि एक मीटरला वर्षंच्या वर्षं. नदीत मात्र रंग बघता बघता पसरतो. असं का, ते १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑसबर्न रेनॉल्ड्स यांच्या काचेच्या नळीत दिसलं: पाण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की रंगाची सरळ धार एकाएकी मोडते आणि नळीभर पसरते. मिसळण्याचं मुख्य काम भोवरे करतात.

पण कोणते भोवरे? या प्रश्नावरचा लुइस फ्राय रिचर्डसन यांचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. हवेतल्या निरीक्षणांवरून त्यांनी १९२६ मध्येच मांडलं होतं, की दोन कण एकमेकांपासून जितके दूर जातात, तितके मोठे भोवरे त्यांना आणखी दूर नेऊ लागतात; म्हणजे पसरण्याचा वेग अंतराबरोबर वाढतच जातो. समुद्रातही हेच घडतं का, हे पाहायला त्यांनी हेन्री स्टॉमेल यांच्यासोबत स्कॉटलंडमधल्या लॉक लाँग या समुद्राच्या खाडीत पार्सनिप या कंदाचे तुकडे टाकले आणि दोन तुकड्यांमधलं अंतर कसं वाढतं ते मोजलं. हा कंद जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही; शिवाय पांढरा असल्याने दिसतोही. १९४८ च्या त्या छोट्या टिपणाचा अर्थ फार मोठा होता: बादलीत मोजलेला मिसळणीचा आकडा खाडीला लावता येत नाही.

नद्यांच्या बाबतीत १९२५ मध्येच ओहायो नदीवरच्या कामातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी सांडपाण्यामुळे ऑक्सिजन कसा घटतो आणि पुढे कसा सावरतो, याचं समीकरण दिलं होतं. त्यात घाण प्रवाहाबरोबर नुसती पुढे जाते, लांबीच्या दिशेने पसरत नाही, असं मानलं होतं. ती उणीव भरायची दिशा जी. आय. टेलर यांच्या १९५३ च्या कामातून मिळाली. मधलं पाणी वेगात आणि कडेचं संथ, त्यामुळे घाणीचा डाग लांबत जातो.

लाटांची वाट याहून जुनी. १८४७ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवलं, की लाटेखालचा पाण्याचा कण गोल फिरून नेमका मूळ जागी परत येत नाही, दर फेरीला थोडा पुढे सरकतो. म्हणजे लाट घाणही वाहून नेते. दोन्ही वाटा जोडणारा धागा तिथेच होता. तळ्यांच्या बाबतीत स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी जिनिव्हा सरोवराचं अख्खं पाणी सुमारे ७३ मिनिटांच्या आवर्तनाने टबातल्यासारखं हेलकावतं, याचा बारकाईने अभ्यास केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज हवे होते, तेव्हा स्वेरड्रुप आणि मुंक यांनी वाऱ्यावरून लाटांची उंची काढायची पद्धत बसवली.

दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने जुळल्या त्या १९६० नंतर, लाटा फुटतात त्या पट्ट्यात. तिरकी आलेली लाट फुटताना आपला जोर पाण्याला देते आणि किनाऱ्याला समांतर प्रवाह सुरू होतो, हे लाँग्वे-हिगिन्स आणि स्टुअर्ट यांच्या सिद्धान्तामुळे गणितात बसवता आलं. त्याच सुमारास ऱ्होडामाइनसारखे रंग पाण्यात सोडून त्यांचं अगदी अल्प प्रमाणही मोजणारी उपकरणं हाताशी आली. किनाऱ्यालगत सोडलेला रंग सरळ खोल समुद्रात जात नाही, फुटत्या लाटांच्या पट्ट्यात अडकून किनाऱ्याकिनाऱ्याने लांबवर जातो आणि मग एखाद्या परतीच्या जोरदार प्रवाहाबरोबर अचानक बाहेर फेकला जातो, हे अशा प्रयोगांत दिसलं.