‘सिकल’ या नावामागचे चित्र

पूर्व विदर्भात ‘सिकल’ हा शब्द आता घरोघरी रुळला आहे. गडचिरोली-चंद्रपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत, आणि तिकडे मेळघाटातही, ‘त्याला सिकल आहे’, ‘तिचा एएस पॅटर्न निघाला’ (म्हणजे ती वाहक आहे, रुग्ण नव्हे) हे बोलणे आशाताईंपासून सोयरीक जुळवणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. रक्ताच्या या आनुवंशिक आजारात सांधे आणि हाडे असह्य दुखतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होते. नाव मात्र यातल्या कशावरूनच पडलेले नाही. ते पडले सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या एका आकारावरून, आणि आजाराबद्दलचा आपला अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो.

सूक्ष्मदर्शकातले दृश्य कागदावर आणायची धडपड जुनी आहे. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ काढले, तेव्हा उवा-पिसवांची चित्रे हाताने काढावी लागली. पुढे कॅमेरा आला आणि पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने व लेओं फुको यांनी 1845 मध्ये शरीरातल्या द्रवांचा चित्रसंग्रह छापला. त्यात रक्तपेशीही होत्या. छायाचित्र थेट छापण्याची सोय नसल्याने ते बघून कोरीव ठसे करावे लागले. अशा चित्रांनाच पुढे ‘मायक्रोग्राफ’ म्हणू लागले.

1904 च्या अखेरीस शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दाखल झाला. ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त काचेवर पसरून पाहिले, तर गोल पेशींमध्ये काही लांबट, टोकदार, वाकलेल्या पेशी. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये हे प्रकरण रक्ताच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध केले आणि मथळ्यातच ‘सिकल’, म्हणजे विळ्याच्या आकाराच्या पेशी, असा उल्लेख केला. 1922 मध्ये व्हर्नन मेसन यांनी ‘सिकल सेल अ‍ॅनिमिया’ हे नाव वापरले, तेच टिकले. धानकापणीचा विळा हातात घेणाऱ्या आपल्या माणसांना हा आकार समजावून सांगावा लागत नाही.

पण 1917 मध्येच व्हिक्टर एमेल यांना एक गोष्ट दिसली होती, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात तीच सर्वांत मोलाची आहे. रक्ताचा थेंब काचेखाली बंद करून ठेवला, तर रुग्णाच्याच नव्हे, त्याच्या धडधाकट वडिलांच्याही पेशी वाकत होत्या. कारण 1927 मध्ये कळले: ऑक्सिजन कमी झाला की या पेशी आकार बदलतात. 1948 मध्ये ऑक्सिजन शोषून घेणारे सोडियम मेटाबायसल्फाइट वापरायची रीत आली, आणि काम सोपे झाले.

ही स्लाइड आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही वर्षानुवर्षे लावली गेली. बोटातल्या रक्ताच्या थेंबात ते द्रावण मिसळायचे, वर पातळ काच ठेवायची, कडा व्हॅसलिनने बंद करायच्या. सुरुवातीला पेशी गोल गरगरीत दिसतात. अर्ध्याएक तासाने पुन्हा पाहिले, तर कुणाची कड खरबरीत झालेली, कुणाला दोन्हीकडून शेपट्या फुटलेल्या. इतके स्पष्ट दिसल्यावर ‘आजार सापडला’ असे कुणालाही वाटेल. पण वाहक (ज्याला दोष एकाच पालकाकडून मिळाला आणि सहसा त्रास नसतो) असो की रुग्ण, दोघांची स्लाइड ‘पॉझिटिव्ह’च येते.

हा भेद 1949 मध्ये सुटला. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन वेगळे करून दाखवले: रुग्णात एकच बिघडलेला प्रकार, वाहकात चांगला आणि बिघडलेला दोन्ही. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा हिशेब मांडला. वाहकाचा एएस आणि रुग्णाचा एसएस हे ‘पॅटर्न’ इथले; दोष नसलेला तो एए.

भारतात हा दोष 1952 मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत आढळला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. गोंड, माडिया, परधान, कोरकू आणि पूर्वाश्रमीचा महार समाज यांच्यात तो जास्त आढळतो. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे वाहकांना त्यापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून दोष टिकला. हा कुणाच्या जातीचा कलंक नाही, हे गावात ठणकावून सांगायला हवे.

आता गावपातळीवर स्लाइडची जागा बहुतेक सोल्युबिलिटी चाचणीने घेतली आहे, म्हणजे रक्त द्रावणात मिसळून ते गढूळ होते का हे पाहायचे. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या ओळी गढूळपणामुळे दिसल्या नाहीत, तर पॉझिटिव्ह. तीही वाहक-रुग्ण भेद सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसूही शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. 1 जुलै 2023 ला शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आणखी कितीतरी घरांत पोहोचणार.

तो ऐकून लगेच ठरलेली सोयरीक मोडू नये. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा रिपोर्ट मागावा. एएस असलेल्या व्यक्तीला सहसा काही त्रास नसतो आणि जोडीदार एए असेल, तर मुलांना एसएस होत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक असते. तेव्हा मात्र लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी जिल्हा रुग्णालयात समुपदेशन घ्यावे.